डॉक्टर व्हायचं का, हे अजून ठरलेलं नाही? मग अकरावीला कोणते विषय घ्यावेत?

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या लाखो घरांमध्ये एकच प्रश्न विचारला जातो, "आता पुढे काय?" सायन्स घ्यायचं एवढं ठरलं तरी विषय संपत नाही. कॉलेजमध्ये प्रवेश पक्का करताना लगेच दुसरा प्रश्न समोर येतो. ग्रुप कोणता? पीसीबी, पीसीएम की पीसीएमबी?

ज्यांना डॉक्टरच व्हायचंय, त्यांचं उत्तर सोपं असतं. ज्यांना अजिबात व्हायचं नाही, त्यांचंही सोपं असतं. पंचाईत होते ती मधल्यांची. बायोलॉजी आवडतं, पण नीटची धास्ती वाटते. गणित जमतं, पण इंजिनिअरिंगची ओढ नाही. आईबाबांना मुलगी डॉक्टर झालेली बघायचीय आणि मुलीचं मात्र अजून काहीच नक्की नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी हे न ठरणं साहजिक आहे. पण प्रवेश अर्जावर 'अजून ठरलेलं नाही' असा रकाना नसतो.

अशा वेळी "डॉक्टर व्हायचं की नाही?" या प्रश्नाचं उत्तर घाईघाईत शोधण्यापेक्षा वेगळा प्रश्न विचारणं जास्त उपयोगाचं ठरतं. आज एखादा विषय सोडला, तर उद्या कोणते रस्ते बंद होतात? आणि मन बदललं, तर ते पुन्हा उघडायला किती वेळ आणि किती पैसे लागतात?

या प्रश्नाची उत्तरं बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. ती एकेक करून समजून घेऊ.

अकरावी सायन्सला नेमकं काय निवडायचं असतं?

राज्य मंडळाच्या अकरावी-बारावी सायन्सला इंग्रजी सक्तीचं असतं. त्याशिवाय आणखी पाच विषय घ्यावे लागतात. प्रत्येक विषय १०० गुणांचा, म्हणजे एकूण ६०० गुण. पर्यावरण शिक्षण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण यांना श्रेणी मिळते.

पाचपैकी फिजिक्स आणि केमिस्ट्री जवळपास सगळेच सायन्सवाले घेतात. उरलेल्या जागांवर बायोलॉजी, गणित, मराठी किंवा हिंदीसारखी भाषा, माहिती तंत्रज्ञान, भूगोल असे विषय येतात. कोणते विषय मिळतील, हे त्या त्या कॉलेजवर अवलंबून असतं.

इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. गणित सोडलं की एक विषय कमी होतो, असा समज आहे. प्रत्यक्षात सहा विषय पूर्ण करावेच लागतात. गणिताच्या जागी दुसरा विषय येतो. तो बहुतेकांना गणितापेक्षा हलका जातो, त्यामुळे वेळ वाचतो हे खरं. पण पीसीबी म्हणजे पाच विषय आणि पीसीएमबी म्हणजे सहा, असा हिशोब राज्य मंडळात नसतो. निवड असते ती गणित की त्याऐवजी दुसरं काहीतरी, एवढीच.

कोणत्या कोर्सला कोणता विषय लागतो?

ढोबळमानाने चित्र असं आहे.

बायोलॉजी लागणारे कोर्स: एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, बीयूएमएस आणि पशुवैद्यकीय पदवी. या सगळ्यांसाठी नीट द्यावी लागते. महाराष्ट्रात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीचे प्रवेशही नीटच्या गुणांवर होतात. बीएस्सी नर्सिंगसाठी राज्याची वेगळी सीईटी आहे. नीटसाठी बायोलॉजीऐवजी बायोटेक्नॉलॉजी हा विषयही चालतो.

गणित लागणारे कोर्स: राज्यातल्या बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांत एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटातून प्रवेश होतात. जेईई मेन्समध्येही फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित हेच विषय असतात. आर्किटेक्चरला गणित लागतं. एनडीएच्या लष्कर विभागासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण नौदल आणि हवाई दलासाठी फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित हवं. शिवाय एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताचा ३०० गुणांचा पेपर सगळ्यांनाच द्यावा लागतो. संख्याशास्त्र, डेटा सायन्स, अर्थशास्त्र अशा पदव्यांसाठीही अनेक संस्था बारावीचं गणित मागतात.

दोन्हीपैकी काहीही चालणारे कोर्स: बीफार्मसाठी फिजिक्स आणि केमिस्ट्रीसोबत गणित किंवा बायोलॉजी यांपैकी एक पुरतं. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या बीएस्सी कृषी अभ्यासक्रमालाही सीईटीचा कोणताही एक गट चालतो.

चारही विषय उपयोगी पडणारे कोर्स: संशोधनाची आवड असणाऱ्यांसाठी पुण्यासह देशात सात ठिकाणी आयसर या संस्था आहेत. आयसरच्या प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न असतात. बायोलॉजी, केमिस्ट्री, गणित आणि फिजिक्स या प्रत्येकाचे १५. बारावीला यांपैकी तीन विषय असले तरी अर्ज करता येतो. पण परीक्षेत चौथ्या विषयाचे प्रश्न समोर येतातच.

बायोलॉजी सोडलं आणि नंतर डॉक्टर व्हावंसं वाटलं तर?

काही वर्षांपूर्वीपर्यंत याचं उत्तर जवळजवळ 'आता विसरा' असंच होतं. अकरावी-बारावीची दोन्ही वर्षं नियमितपणे, प्रात्यक्षिकांसह बायोलॉजी शिकलेलं असणं ही अट होती. बारावीनंतर वेगळा विषय म्हणून बायोलॉजी दिलेल्या अनेकांना या अटीमुळे कोर्टाची पायरी चढावी लागली होती.

२०२३ मध्ये हे बदललं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २२ नोव्हेंबर २०२३ रोजी जाहीर सूचना काढली. बारावी उत्तीर्ण झाल्यानंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी आणि इंग्रजी यांपैकी राहिलेला विषय अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण केला, तरी नीटला बसता येईल, असं त्यात स्पष्ट करण्यात आलं.

याचा अर्थ, पीसीएम घेतलेल्या विद्यार्थ्यासाठी वैद्यकीय शिक्षणाचा रस्ता आता कायमचा बंद होत नाही. राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत 'तुरळक विषय' घेऊन बसण्याची सोय आहे. म्हणजे आधीच बारावी झालेला विद्यार्थी एखाददुसराच विषय देऊ शकतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणजे एनआयओएसमधूनही एकेक विषय देता येतो.

पण रस्ता उघडा असणं वेगळं आणि त्यावरून चालणं वेगळं. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० गुण एकट्या बायोलॉजीचे असतात. दोन वर्षांचा हा अभ्यास नव्याने करायचा, तर किमान एक वर्ष जातं. त्या वर्षाचा क्लासचा आणि राहण्याचा खर्च वेगळा.

आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातल्या वैद्यकीय जागांसाठी अधिवास प्रमाणपत्रासोबत दहावी आणि बारावी राज्यातून उत्तीर्ण असण्याची अट असते. त्यामुळे अतिरिक्त विषय कुठून आणि कोणत्या मंडळातून द्यायचा, हे ठरवण्याआधी त्या वर्षीची प्रवेश माहिती पुस्तिका वाचून घेणं शहाणपणाचं.

गणित सोडलं आणि नंतर इंजिनिअरिंगकडे वळावंसं वाटलं तर?

कागदावर इथेही तुरळक विषयाची सोय आहेच. बारावीनंतर गणित देऊन पुढच्या वर्षी सीईटीचा पीसीएम गट देण्याचा विचार काहीजण करतात. त्यांनीही आपल्या कोर्सची त्या वर्षीची पात्रता आधी तपासून घ्यावी.

खरी अडचण विषयाच्या स्वभावाची आहे. बायोलॉजीत एखादं प्रकरण राहिलं, तरी पुढचं प्रकरण समजू शकतं. वनस्पतींचं वर्गीकरण कच्चं असलं म्हणून हृदयाचं कार्य समजायचं थांबत नाही. गणिताचं तसं नसतं. अकरावीचं त्रिकोणमिती आणि फलन कच्चं असेल, तर बारावीचं विकलन आणि संकलन डोक्यावरून जातं. दोन वर्षांचा खंड पडल्यावर एकट्याने गणित पुन्हा उभं करणं बहुतेकांना अवघड जातं.

म्हणूनच 'नक्की नाही' अशा अवस्थेत गणित सोडताना जरा जास्त विचार करावा लागतो. पूर्वी उलट सांगितलं जायचं. बायोलॉजी ठेवा, गणित गेलं तरी चालेल, कारण बायोलॉजी पुन्हा मिळत नाही. २०२३ नंतर नियमांनी तो फरक बराच कमी केला. विषयांच्या स्वभावातला फरक मात्र तसाच आहे.

गणित सोडल्यावर गणितापासून पूर्ण सुटका होते, हाही गैरसमज आहे. राज्य मंडळाच्या अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात दुसरंच प्रकरण गणितीय पद्धतींवर आहे. त्यात सदिश येतात, विकलन आणि संकलनाची ओळख येते. नीटमध्ये फिजिक्सचे १८० गुण असतात आणि तिथली गणितं सोडवावीच लागतात. पीसीबी घेऊन फक्त पाठांतरावर नीट निघत नाही.

मग सरळ पीसीएमबी घेतलं तर?

'काहीच ठरत नसेल तर चारही घ्या,' हा सल्ला सगळीकडून मिळतो. तो चुकीचा नाही, पण अर्धवट आहे.

पीसीएमबीचा फायदा उघड आहे. बारावीच्या शेवटापर्यंत दोन्ही रस्ते खुले राहतात. एमएचटी-सीईटीचे पीसीएम आणि पीसीबी असे दोन्ही गट देता येतात. नीट देता येते, जेईई देता येते. आयसरसारख्या परीक्षेत चारही विषयांचा पाया तयार असतो.

आणखी एक दिलासा आहे, जो फारसा कुणी सांगत नाही. एमबीबीएसच्या पात्रतेसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी यांचे एकत्रित गुण बघितले जातात. खुल्या प्रवर्गासाठी ही अट ५० टक्के आहे, तर अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींसाठी ४० टक्के. गणिताचे गुण त्यात धरले जात नाहीत. त्यामुळे बारावीच्या मध्यावर 'आता नीटच' असं ठरलं, तर गणिताचा अभ्यास उत्तीर्ण होण्यापुरता कमी करता येतो. फक्त उत्तीर्ण व्हायलाच हवं, कारण गणितात नापास म्हणजे बारावी नापास.

आता दुसरी बाजू. पीसीएमबीची किंमत वेळेत मोजावी लागते. नीट आणि जेईई या दोन्ही परीक्षांची पूर्ण तयारी एकाच वेळी करणं फार थोड्यांना जमतं. एका परीक्षेचा अर्धा पेपर बायोलॉजीचा असतो, दुसरीत बायोलॉजी नसतंच. दोन्हीकडे अर्धं लक्ष दिलं, तर दोन्हीकडे मधलेच गुण पडतात आणि मधल्या गुणांवर हवं ते कॉलेज मिळत नाही.

म्हणून पीसीएमबी घेताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. विषय चार ठेवायचे, पण मोठी परीक्षा एकच धरायची. म्हणजे मुख्य तयारी नीटची असेल, तर जोडीला सीईटीचा पीसीएम गट. मुख्य तयारी जेईईची असेल, तर जोडीला सीईटीचा पीसीबी गट. सीईटीत उणे गुण नसतात. बारावीच्या अभ्यासक्रमावर भर असतो, अकरावीचा वाटा साधारण २० टक्के. त्यामुळे बोर्डाच्या अभ्यासासोबत ती पेलता येते.

सही करण्याआधी बघायच्या दोन गोष्टी

कितीही विचार करून ग्रुप निवडला, तरी दोन ठिकाणी विद्यार्थी नकळत अडकतात.

पहिलं ठिकाण म्हणजे बायफोकल. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, मत्स्यव्यवसाय असे बायफोकल विषय २०० गुणांचे असतात. ते सहापैकी दोन विषयांची जागा घेतात. इंग्रजी, फिजिक्स आणि केमिस्ट्री धरल्यावर एकाच विषयाला जागा उरते. मग गणित आणि बायोलॉजी यांपैकी एकच घेता येतं. बायफोकलमध्ये गुण चांगले पडतात म्हणून अनेकजण ते घेतात. ज्यांचं मेडिकल की इंजिनिअरिंग हे ठरलेलं आहे, त्यांच्यासाठी त्यात काही वावगं नाही. ज्यांचं ठरलेलं नाही, त्यांना मात्र ते जूनमध्येच ठरवून टाकायला लावतं.

दुसरं ठिकाण म्हणजे इंटिग्रेटेड बॅच. लातूर असो, पुणे, नांदेड असो की छत्रपती संभाजीनगर, कॉलेज आणि क्लास यांची एकत्र व्यवस्था आता बहुतेक शहरांत आहे. अशा बॅच सहसा एका परीक्षेसाठी असतात. नीटच्या बॅचमध्ये गणित शिकवायला कुणी नसतं, जेईईच्या बॅचमध्ये बायोलॉजी नसतं. दोन वर्षांची फी आधीच भरलेली असली, की मन बदललं तरी बोलायची हिंमत होत नाही. "एवढे पैसे भरलेत, आता काय?" या एका वाक्यावर अनेकांची दोन वर्षं निघून जातात.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मध्येच बाहेर पडला, तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी, असं त्यात म्हटलंय. पण या मार्गदर्शक सूचना आहेत, त्या लागू करायचं काम राज्यांचं आहे. त्यामुळे पैसे भरण्याआधी फी परतीची अट लेखी मागून घ्यावी. जमत असेल तर फी एकरकमी न भरता हप्त्यांत भरावी. आणि बॅच बदलता येईल का, हे पहिल्याच दिवशी विचारावं.

नीटचे आकडे काय सांगतात?

डॉक्टरकीचा निर्णय घेताना आकडे माहीत असलेले बरे.

२०२५ मध्ये देशभरात २२ लाखांहून जास्त विद्यार्थ्यांनी नीट दिली. त्यातले १२ लाखांहून जास्त पात्र ठरले. देशातल्या एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास आहेत. त्यातही सरकारी आणि खासगी असे दोन्ही प्रकार धरलेत आणि दोन्हींच्या फीमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

'नीट क्वालिफाय' या शब्दाने अनेक घरांत गैरसमज होतो. २०२५ मध्ये खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेचा किमान आकडा ७२० पैकी १४४ होता. सरकारी कॉलेजात एमबीबीएसची जागा मिळायला याच्या कित्येक पट जास्त गुण लागतात. पात्र ठरणं म्हणजे प्रवेशाच्या रांगेत उभं राहायची परवानगी मिळणं. परदेशात एमबीबीएस करून भारतात प्रॅक्टिस करायची असली, तरी ही पात्रता लागते.

प्रवेश मिळाल्यावर साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सक्तीची सेवा करावी लागते. स्पेशालिस्ट व्हायचं तर पुन्हा प्रवेश परीक्षा आणि साधारण तीन वर्षं. म्हणजे आज अकरावीत असलेला विद्यार्थी एमडी होईपर्यंत वयाची तिशी जवळ आलेली असते.

हे घाबरवण्यासाठी नाही. ज्यांना हे काम मनापासून हवंय, ते हा काळ आनंदाने घालवतात. पण केवळ 'बायोलॉजीत चांगले गुण आहेत' किंवा 'घरात एक तरी डॉक्टर हवा' एवढ्या कारणावर हा पल्ला पार करणं जड जातं.

आरोग्य क्षेत्रात डॉक्टर सोडून काय?

अनेक विद्यार्थ्यांना मुळात हॉस्पिटलचं जग आवडतं, माणसांसाठी काम करणं आवडतं. त्यांनी त्यातला एकच रस्ता ऐकलेला असतो. बाकीचे रस्ते माहीत असतील, तर विषय निवडताना मनावरचं ओझं कमी होतं.

पीसीबीतून नर्सिंग, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, लॅब आणि रेडिओलॉजीसारखे तंत्रज्ञ अभ्यासक्रम करता येतात. महाराष्ट्रात यातले अनेक कोर्स नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेले आहेत. फार्मसीला गणित किंवा बायोलॉजी कोणतंही चालतं.

पीसीएममधून बायोमेडिकल इंजिनिअरिंगला जाता येतं. एमआरआय यंत्र, व्हेंटिलेटर, कृत्रिम अवयव तयार करणं आणि चालू ठेवणं, हे तिथलं काम.

मानसशास्त्राची पदवी आर्ट्समधूनही करता येते. हॉस्पिटल व्यवस्थापन आणि सार्वजनिक आरोग्य या विषयांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना अनेक संस्था वेगवेगळ्या शाखांचे पदवीधर घेतात.

म्हणजे अकरावीला गणित घेतलं म्हणून आरोग्य क्षेत्र सुटत नाही आणि बायोलॉजी घेतलं म्हणून डॉक्टरच व्हावं लागत नाही.

मग ठरवायचं कसं?

पुढचे चार प्रश्न कागदावर लिहून त्यांची उत्तरं प्रामाणिकपणे दिली, तर बराच गुंता सुटतो.

एक, दहावीचं गणित कसं गेलं? इथे टक्केवारीपेक्षा बीजगणित बघावं, कारण पुढच्या दोन वर्षांत तेच जास्त लागतं. उदाहरणं स्वतःची स्वतः सुटत असतील, तर गणित ठेवायला हरकत नाही. क्लासमध्ये तीच ती उदाहरणं घोटून गुण पडले असतील, तर पीसीएमबीचा विचार दोनदा करावा.

दोन, बायोलॉजी का आवडतं? समजतं म्हणून, की गणित नको म्हणून? एनसीईआरटीच्या अकरावीच्या बायोलॉजीच्या पुस्तकातली दोन-तीन प्रकरणं सुट्टीत वाचून बघावीत. पुस्तक ऑनलाइन मोफत मिळतं. परीक्षा नसतानाही ते वाचावंसं वाटलं, तर ती चांगली खूण आहे.

तीन, डॉक्टरचं काम जवळून बघितलंय का? ओळखीच्या डॉक्टरांच्या परवानगीने त्यांच्या दवाखान्यात किंवा गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन-चार दिवस नुसतं बसून बघावं. गर्दी, रक्त, रडणारे नातेवाईक, रात्री-अपरात्री येणारे फोन हे सगळं बघूनही तिथे पुन्हा जावंसं वाटतंय का? रुग्णांची खासगी माहिती बाहेर बोलायची नाही, एवढं पथ्य मात्र पाळावं.

चार, एक वर्ष जास्त गेलं तर घराला परवडेल का? हा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, पण आईबाबांसोबत बसून तो आधीच बोललेला बरा. ज्या घराला परवडणार नाही, तिथे दोन्ही रस्ते खुले ठेवण्याचं मोल जास्त असतं.

उत्तरांवरून साधारण असा अंदाज बांधता येतो.

गणित बरं आहे आणि मन दोन्हीकडे ओढतंय, तर पीसीएमबी. मोठी परीक्षा कोणती, हे अकरावीच्या अखेरीपर्यंत ठरवावं. अकरावीचे गुण नीटच्या किंवा सीईटीच्या गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत, त्यामुळे हे वर्ष चाचपणीला वापरता येतं. अभ्यास मात्र चालूच ठेवायचा, कारण नीटच्या पेपरात अकरावीचा पूर्ण भाग असतो.

गणित खरोखरच जमत नाही आणि बायोलॉजी आवडतं, तर पीसीबी. डॉक्टर नाही झालं, तरी नर्सिंगपासून कृषीपर्यंत बरंच काही हातात राहतं.

बायोलॉजीत रस नाही, केवळ 'कुणी सांगावं, उद्या लागलं तर' म्हणून ते घ्यावंसं वाटतंय, तर पीसीएम पुरेसं आहे. उद्या खरंच लागलं, तर आता नियम आडवा येत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रवेश घेतल्यावर अकरावीत विषय बदलता येतो का?
ते कॉलेजच्या परवानगीवर आणि त्या विषयात जागा आहे का, यावर अवलंबून असतं. जितका उशीर, तितका बुडालेला अभ्यास जास्त. विषय बदलण्याची मुदत कधीपर्यंत आहे, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारून ठेवावं.

नीटला वयाची अट आहे का?
प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत. कमाल वयाची अट नाही आणि किती वेळा परीक्षा द्यावी, यावरही मर्यादा नाही.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांचं काय?
नीट मराठीसह १३ भाषांमध्ये देता येते. मात्र पुढे एमबीबीएसचं शिक्षण आणि पुस्तकं प्रामुख्याने इंग्रजीतच असतात. त्यामुळे अकरावीपासून शास्त्रीय संज्ञा इंग्रजीतूनही ओळखीच्या करून घेतलेल्या बऱ्या.

सीबीएसईच्या विद्यार्थ्यांना हेच लागू होतं का?
विषयांची रचना वेगळी आहे. सीबीएसईत इंग्रजी आणि पीसीएमबी मिळून पाच विषय होतात, सहावा ऐच्छिक असतो. नीट, जेईई आणि सीईटीच्या अटी मात्र सगळ्यांना सारख्याच.

आईबाबांचं आणि मुलांचं मत वेगळं असेल तर?
'डॉक्टर हो' आणि 'नाही होणार' या वादातून हाती काही लागत नाही. त्यापेक्षा वरचे चार प्रश्न दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहून उत्तरं समोरासमोर ठेवावीत. बहुतेकदा मतभेद एखाद्याच उत्तरावर असतो, त्यावर बोलणं सोपं जातं.

अकरावीचा अर्ज भरताना आयुष्यभराचं ठरवतोय, असं वाटतं. प्रत्यक्षात तेव्हा ठरतात ते सहा विषय. त्यातला कोणता पुन्हा सहज मिळेल आणि कोणता मिळणार नाही, हे समजून घेतलं, की 'डॉक्टर व्हायचं का' या प्रश्नाला हवा तेवढा वेळ देता येतो.